नऊ नावांचा क्रम

श्रेडरच्या तोंडात एका वेळी सहा कागद जायचे. पाकीट असेल तर एकच, कारण पाकिटाचा डिंक पात्यांना चिकटतो. हे मला इतकं नेमकं ठाऊक आहे, कारण न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनशिपच्या, म्हणजे गावाच्या नगरपालिकेच्या, रिक्रिएशन डिपार्टमेंटमध्ये कागदाच्या पट्ट्या करणारं ते यंत्र मीच मागे लागून आणवलं होतं.

२००१ संपता संपता माझी सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी गेली. पिस्कॅटवेच्या आसपास तेव्हा आमच्यासारख्या बऱ्याच घरांत हेच चाललं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये टाउनशिपची ही नोकरी मिळाली. मैदानांची परमिटं, पिकनिकच्या शेडची बुकिंगं, स्विमिंग पूलचे पास आणि हरवलेल्या वस्तूंचं खोकं. नवरा म्हणाला, "म्हणजे दिवसभर याद्याच करायच्या? अगं, हे तर तू घरी फुकट करतेस!"

माझ्या आधीच्या बाई निवृत्त होताना चिठ्ठ्यांनी भरलेले चार ड्रॉवर मागे ठेवून गेल्या होत्या. ते मी तीन आठवड्यांत रिकामे केले. पद्धत साधी होती. चिठ्ठी आली की कम्प्युटरवर चढवायची, दोनदा तपासायची आणि मूळ चिठ्ठी श्रेडरमध्ये टाकायची. एकाच गोष्टीच्या दोन प्रती राहिल्या की त्यातली एक कधीतरी खोटी ठरते, असं मी सगळ्यांना सांगत असे. अजूनही ते मला चूक वाटत नाही. फक्त कोणती प्रत खोटी ठरेल हे आपण आधी ओळखतो, असं मी धरून चालले होते.

पहिल्याच महिन्यात एका मंगळवारी एक उंच, कृष्णवर्णीय आजोबा काउंटरशी आले. सत्तरी ओलांडलेली, इस्त्रीचा शर्ट, हॅट हातात. उजव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापासून वाकडी. त्यांना डायरेक्टरांना भेटायचं होतं. मी मान वर न करता नंबराचा कागद पुढे सरकवला. "एकोणीस. बसा, बोलावते." ते बाकावर जाऊन बसले. वीस मिनिटांनी डायरेक्टर कॉफी घ्यायला बाहेर आले आणि दारातच थबकले.

"कोच! तुम्ही इथे काय बसलाय?"

"माझा नंबर एकोणीस आहे," ते म्हणाले. "आत्ता सतरा चाललाय. बाई शिस्तीच्या दिसतात. मधे घुसलो तर आउट देतील."

माझे कान तापले. त्यांनी माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावला आणि खरंच एकोणीस पुकारेपर्यंत बसून राहिले.

त्यांना सगळं गाव कोच म्हणत असे, म्हणून मीही तेच म्हणते. त्यांची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. जन्म जॉर्जियातला. विशीत ते फक्त कृष्णवर्णीय खेळाडूंच्या एका फिरत्या बेसबॉल संघात कॅचर होते. कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर म्हणा, पण अखंड उकिडवं बसून प्रत्येक चेंडू झेलणारा. बोटं त्यातच गेली. तीन उन्हाळे ते त्या संघाबरोबर बसमधून दक्षिणेतली गावं हिंडले. पुढे दोन वर्षं एका छोट्या लीगमध्ये गोऱ्यांच्या संघात ते एकटेच कृष्णवर्णीय होते. संघ हॉटेलात उतरायचा आणि हे गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी घरी खोली शोधायचे. मोठ्या लीगचं बोलावणं आलं नाही. मग गुडघा गेला. उत्तरेला येऊन कारखान्यात लागले, संध्याकाळच्या कॉलेजात शिकले आणि आमच्या टाउनशिपच्या मैदानांवर सुपरवायझर झाले. त्या खात्यात तोवर कुणी कृष्णवर्णीय माणूस साहेब झाला नव्हता. त्यानंतर चार वेळा कौन्सिलवर निवडून आले. सार्वजनिक स्विमिंग पूल त्यांच्या खटपटीनं झाला. त्याआधी गावात फक्त मेंबरांचा पूल होता, आणि मेंबर कुणाला करायचं ते मेंबर ठरवायचे. दर नोव्हेंबरात ते स्वतःच्या गाडीतून म्हाताऱ्या माणसांना मतदानाला नेऊन आणत, कुणाला किती वाजता घ्यायचं ते आधी फोन करून ठरवून.

मी त्यांना ओळखलं तेव्हा त्यांच्याकडे कुठलंही पद नव्हतं. तरी दर मंगळवारी ते यायचे. कुठल्या मैदानावरचा नळ गळतोय, कुठल्या बाकाची फळी निघालीय, हे सगळं वापरलेल्या पाकिटाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं.

"कोच, मी तुम्हाला पॅड देते ना. छान रेघांचं आहे."

"पाकिटाला काय झालं? एक बाजू पोस्टाची, एक माझी."

मी ते टाइप करून घेई आणि त्यांच्यासमोरच पाकीट यंत्रात सोडी. त्यांना त्याची गंमत वाटायची. "माझ्याच पाकिटांवर पोसलंय ते," ते म्हणायचे. "बघ कसं गुबगुबीत झालंय."

आपल्याकडची बरीच आयटीतली मंडळी तेव्हा एका ग्रोसरीच्या दुकानामागच्या पार्किंग लॉटमध्ये टेनिस बॉलनं क्रिकेट खेळत. गाड्यांना बॉल लागले, कुणीतरी पोलिसांना फोन केला, आणि शेवटी मंडळींनी मैदानासाठी अर्ज केला. कौन्सिलच्या मीटिंगमध्ये बरेच जण विरोधात बोलले. हिरवळ खराब होईल, गोंगाट होईल. मी कोपऱ्यात बसून मिनिट्स घेत होते. कोच उठले. "मैदान मागायला मी या खोलीत सात वेळा आलो होतो," ते म्हणाले. "या लोकांना दुसऱ्यांदा यायला लावू नका." एवढंच बोलून खाली बसले. मैदान मिळालं.

पहिल्या मॅचला ते घडीची खुर्ची घेऊन हजर. इकडे टॉस झाला आणि मंडळींच्या लक्षात आलं की स्कोअर लिहायला कुणीच नाही. "यार, एक्सेलमध्ये करू की नंतर," असं एकाचं चाललं होतं. मी वही हिसकावून घेतली. माझे वडील नागपूरला एका क्लबाच्या मॅचेसचा स्कोअर लिहायचे. रविवारी मी त्यांच्या शेजारी बसून पेन्सिलींना टोक काढत असे आणि त्यातच शिकले होते. कोच खुर्ची ओढून माझ्याजवळ आले आणि वहीत डोकावले.

"हे नाव सगळ्यात वर का?"

"तो ओपनर आहे."

"आणि बाकीचे याच क्रमानं येणार?"

"हो तर. स्कोअरबुकात क्रम म्हणजे क्रम. तो कुणी मोडायचा नाही."

"मग तुझं-माझं जमेल," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून मला स्कोअरकीपर म्हणू लागले.

क्रम मोडायचा नाही, हे माझंच वाक्य होतं. ते मला पुढे फार वेळा आठवलं.

त्याच दुपारी त्यांनी आपल्या संघाबद्दल सांगितलं. त्यांचा मॅनेजर रोज सकाळी नऊ नावं एका पाकिटाच्या मागे लिहायचा आणि बसच्या दाराला चिकटवायचा. पहिला सगळ्यात वेगानं धावणारा. चौथा असा की पुढचे तिघं बेसवर अडकले असतील तर फटका मारून त्यांना घरी, म्हणजे रन पुरी करायला, आणणारा. कोच आठवे, नववा पिचर, म्हणजे आपला बोलर. "हॉटेलात आम्हाला जागा नव्हती, खानावळीत मागच्या दारानं पुडी मिळायची," ते म्हणाले. "पण त्या दारावर प्रत्येकाची जागा लिहिलेली होती. मी आठवा. म्हणजे माझ्या आधी सातवा. तो खेळत असताना मी मागे बॅट घेऊन उभा. तीन उन्हाळे मी त्या माणसाची पाठ बघितली."

२००५ च्या सुरुवातीला कौन्सिलनं ठरवलं की मोठ्या बेसबॉल मैदानाला कोचचं नाव द्यायचं. सगळ्यांना आनंद झाला. फक्त कोच वैतागून आले.

"मी एकटा कधी खेळलो? नऊ जण लागतात. फलक लावायचा तर नऊ नावांचा लावा. नाहीतर नको."

कौन्सिलनं कबूल केलं. मग कोच नावांच्या मागे लागले. बसमध्ये सगळे टोपणनावांनीच हाक मारायचे, पूर्ण नावं कुणाला ठाऊक? त्यांनी आणि त्यांच्या मुलीनं सहा आठवडे फोन केले. त्यांची मुलगी हॉस्पिटलात नर्स होती, ड्यूटी संपली की बापाच्या शेजारी बसून नंबर फिरवायची. जॉर्जियातली चर्चं, दोन विधवा, एक पुतण्या. एकाचं नाव दफनभूमीच्या रखवालदारानं दगडावरून वाचून सांगितलं. नवांपैकी आता कोच एकटेच उरले होते. त्यांना एकच हवं होतं, की डोळे मिटायच्या आत तो फलक मैदानावर वाचायचा.

मार्चमधल्या एका मंगळवारी त्यांनी ते पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. पेन्सिलीनं लिहिलेल्या नऊ ओळी. आकडे नव्हते, नुसती एकाखाली एक नावं.

"स्कोअरकीपर, हे नीट ठेव."

"ठेवते, कोच."

इथे मला आमच्या मराठी मंडळाबद्दल सांगायला हवं. गणेशोत्सवाच्या पत्रिकेत मदत करणाऱ्यांची नावं छापायची असतात. एके वर्षी त्या यादीवरून असा रुसवाफुगवा झाला की दोन घरांचं येणंजाणं बंद झालं. "आम्ही मोदक केले एकशे एक, आणि नाव सतराव्या नंबरवर?" पुढच्या वर्षी यादी माझ्याकडे आली. मी आडनावाप्रमाणे अकारविल्हे लावून टाकली. कुणी पहिलं नाही, कुणी शेवटचं नाही, कुणाचा मान मोडत नाही. इतकी शांतता झाली की तेव्हापासून माणसांची कुठलीही यादी हातात आली की मी ती अकारविल्हेच लावते. ऑफिसातही तोच नियम मी आणला होता.

कोचच्या नऊ नावांना मी तोच न्याय लावला. त्यांचं स्वतःचं नाव त्यांनी आठवं लिहिलं होतं. मला वाटलं, विनय. अकारविल्हे लावल्यावर ते तिसरं आलं आणि मला बरंच वाटलं. स्पेलिंगं दोनदा तपासली. फाइल फलकवाल्याला पाठवली. मग पाकीट श्रेडरमध्ये सोडलं. कोच तेव्हा बाहेर डायरेक्टरांशी हसत बोलत होते. यंत्राचा आवाज त्यांना ऐकू गेला असणार, पण तो तर दर मंगळवारी व्हायचा.

नऊ दिवसांनी त्यांना स्ट्रोक आला.

उजवी बाजू गेली. वाचा थोडीथोडी परत आली. फलकवाल्याकडून नमुन्याचा छापील कागद आला तेव्हा ते रिहॅब सेंटरमध्ये होते. मी फुलं नेली, शिऱ्याचा डबा नेला आणि तो कागद फोल्डरमध्ये घालून नेला, जराही चुरगळू न देता. त्यांच्या मुलीनं उशा लावून त्यांना बसवलं. त्यांनी डावा हात कागदावर ठेवला आणि बोट पहिल्या नावावर नेलं. तिथेच थांबले.

"हा पहिला?" ते म्हणाले. शब्द जड होते. "हा... हा धावायचा कुठे. हा जाडा होता."

मुलगी हसली. त्यांनी बोट खाली नेलं, पुन्हा वर आणलं. परत पहिल्यापासून वाचलं. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"ही माझी टीम नाही."

मला कळायला तेवढा वेळ पुरला. हातात फोल्डर होता, त्याच्या कडा मी घट्ट धरल्या. बसच्या दारावरचं पाकीट मला तेव्हा दिसलं.

बाहेरच्या पॅसेजमध्ये त्यांची मुलगी म्हणाली, "काही हरकत नाही. मूळ पाकीट आहे ना तुझ्याकडे? त्यावरून दुरुस्त कर."

"नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

मी सांगितलं. ती माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी होती. दिवसभर उभं राहून आलेली, पायात नर्सचे पांढरे बूट. भिंतीला टेकली.

"सहा आठवडे," ती म्हणाली. "एका पाकिटासाठी सहा आठवडे. रखवालदाराला पावसात दगड पुसायला लावला मी. आणि तुला एकच काम होतं, की काही करायचं नाही. नुसतं ठेवायचं."

तिला क्रम आठवत नव्हता. तिनं नावं एकेक करून मिळवली होती. ती ओळीत लावली कोचनीच, एका संध्याकाळी, एकट्यानं.

मी फलक थांबवला. डायरेक्टर म्हणाले, "नावं बरोबर आहेत ना? स्पेलिंग?"

"आहेत."

"मग? क्रम कुणाला कळणार आहे?"

"त्यांना," मी म्हणाले.

तीन शनिवार मी लायब्ररीत जुन्या वर्तमानपत्रांच्या फिल्म बघितल्या. त्यांच्या संघाचे सामने पेपरात फारसे येतच नव्हते. आले तर एक ओळ, कोण जिंकलं आणि किती रन. क्रम छापण्याइतकी जागा त्यांना कुणी दिली नव्हती. नऊ जणांचा तो क्रम जगात दोनच ठिकाणी होता, कोचच्या डोक्यात आणि त्या पाकिटावर.

मग मी नऊ कार्डं केली. एकेका कार्डावर एकेक नाव, मोठ्या अक्षरात. कोच घरी आले होते. दर मंगळवारी लंच अवरमध्ये मी त्यांच्याकडे जाई आणि कार्डं ट्रेवर पसरून ठेवी. ते डाव्या हातानं ती ओळीत लावत. मी क्रम वहीत लिहून घेई. त्यांच्यावर दडपण येऊ नये म्हणून मी मागच्या वेळचा क्रम कधी दाखवत नसे. टेस्टिंगमध्ये हेच शिकले होते.

पहिला, दुसरा, तिसरा दर वेळी तेच आले. चौथा फोनवर पक्का झाला. त्याची विधवा जॉर्जियातून ओरडूनच म्हणाली, "चौथा! पन्नास वर्षं त्यानं मला दुसरं काही सांगितलं नाही." आठवे कोच, नववा पिचर. राहिले तिघं. पाच, सहा, सात. ही तीन कार्डं दर मंगळवारी जागा बदलायची. कोच एक उचलायचे, ठेवायचे, परत उचलायचे. कपाळावर घाम यायचा.

"सातव्याची पाठ मला दिसते," एकदा ते म्हणाले. बोलायला खूप वेळ लागला. "शर्टाला इथे ठिगळ. डाव्या खांद्यावर. पण तो वळत नाही, स्कोअरकीपर. तो माझ्याकडे तोंडच करत नाही."

ठिगळ! मला वाटलं, धागा सापडला. त्या तिघांपैकी एकाची बहीण हयात असल्याचं पुतण्याकडून कळलं होतं. कोचच्या मुलीनं फोन स्पीकरवर लावला आणि मी पेन घेऊन बसले. तिनं विचारलं, "मावशी, तुमच्या भावाच्या शर्टाला खांद्यावर ठिगळ होतं का हो?" म्हणजे शब्द इंग्रजीत होते, पण तिनं हाक मारली ती मला अशीच ऐकू आली.

पलीकडून म्हातारी हसली. "बाळा, सगळ्यांनाच होतं. दुसऱ्या संघानं टाकून दिलेले शर्ट होते ते. मीच शिवायचे. चौघांचे तर मी एका रात्रीत शिवले."

मी पेन खाली ठेवलं.

असं वर्षभर चाललं. फलकवाला दर दोन महिन्यांनी फोन करायचा आणि मी म्हणायचे, अजून थोडं. माझी वही भरत होती, आणि तिघांची खात्री काही होत नव्हती. मला वाटायचं, अजून चार मंगळवार, अजून पाच, एखाद्या दिवशी तो सातवा वळेल. २००६ च्या शरदात कोचना दुसरा झटका आला. त्यानंतर कार्डं त्यांच्या हातातून पडू लागली. एका मंगळवारी त्यांच्या मुलीनं ती माझ्याआधी गोळा केली, रबरबँड लावला आणि माझ्या पर्समध्ये टाकली.

"पुरे आता," ती म्हणाली. "त्यांना फलक बघायचाय. तुझी खात्री बघायची नाहीये."

त्या रात्री नवऱ्यानं वहीची पानं माझ्याबरोबर मोजली. एरवी थट्टा करणारा माणूस, पण तेव्हा नुसता रेघा ओढत होता. जो क्रम सर्वांत जास्त वेळा आला होता तो मी धरला. पण त्यांना विचारल्याशिवाय फलक ओतायला द्यायचा धीर होत नव्हता. मी विजेच्या बिलाचं रिकामं पाकीट घेतलं, मागच्या बाजूला पेन्सिलीनं नऊ नावं लिहिली आणि सकाळी त्यांच्या घरी गेले. त्यांची मुलगी त्यांना डॉक्टरकडे न्यायला निघाली होती. व्हॅन दारात उभी होती. मी पाकीट व्हॅनच्या दाराला टेपनं चिकटवलं, व्हीलचेअरवरून त्यांना दिसेल अशा उंचीवर.

खूप थंडी होती. मुलीनं चेअर दारासमोर उभी केली. कोचनी हॅट जरा मागे सारली. ओठ हलत होते. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मग डोळे तिथेच रेंगाळले. खाली गेले, वर आले.

"जवळपास," ते म्हणाले.

"कुठे चुकलं, कोच? पाचवा का? सहावा?" मी वाकून विचारलं. "सांगा ना. मी आत्ता बदलते. पेन्सिल आणलीय."

त्यांनी डावा हात उचलून माझ्या पेन्सिलीवर ठेवला, आणि ती खाली झाली.

"जवळपास आहे, स्कोअरकीपर," ते म्हणाले. "चल. खेळू."

त्यांनी मला रागवायला हवं होतं. पॅसेजमध्ये त्यांची मुलगी बोलली तसं बोलायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी मला सोडून दिलं, आणि ते मला जास्त लागलं.

मी त्याच दुपारी क्रम पाठवला. फलकवाला म्हणाला, पाच आठवडे. कोच तीन आठवड्यांनी गेले.

चर्चमध्ये माणसं बाहेर फुटपाथपर्यंत उभी होती. आपल्या क्रिकेटची सगळी मंडळी टाय लावून आली होती. मी चर्चच्या किचनमध्ये कप मोजत राहिले, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

फलक २००७ च्या वसंतात मैदानावर लागला. त्याआधी मी त्यांच्या मुलीला विचारलं होतं, की खाली बारीक अक्षरात एक ओळ घालू या का, की पाच ते सात हा क्रम अंदाजानं दिला आहे. पॅसेजमधल्या त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच माझ्यासमोर मोकळी हसली. "फलकाला तळटीप? बाई, तू ना..." मग डोळे पुसले. "नको. असू दे." समारंभात तिनं नऊ नावं वाचली. मधे कुठे अडखळली नाही. तिला अडखळायचं कारण नव्हतं.

माझं पुढे नेहमीसारखं चालू राहिलं. याद्या करते, तपासते. श्रेडर आता डायरेक्टरांच्या खोलीत असतो. मी चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये ठेवते आणि दोन ड्रॉवर भरले आहेत. २००८ च्या नोव्हेंबरात मतदानाची रांग आमच्या इमारतीला वळसा घालून गेली होती. म्हाताऱ्या माणसांना आणायला कोचची मुलगी व्हॅन घेऊन फेऱ्या मारत होती. कुणाला किती वाजता घ्यायचं त्याचा कागद तिनं माझ्याकडून करून घेतला होता. तो कसा लावायचा हे मी तिला आधी विचारलं. "घरं लागतात तसा," ती म्हणाली. तसाच लावला.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी मैदानावर जाते. परवा मंडळातल्या एका नवीन आलेल्या जोडप्याला तिथे बघितलं. बायको फलक वाचत होती. "काकू, तुमच्या ऑफिसचं काम ना हे? मग अल्फाबेटिकल कसं नाही?" तिनं हसत विचारलं. माझी ख्याती तिच्यापर्यंत पोचली होती.

"ते या क्रमानं बॅटिंगला यायचे," मी सांगितलं. "आणि हे आठवे, ते आमचे कोच."

"अच्छा. मग त्यांच्या आधी कोण खेळायचं?"

मी सातवं नाव वाचून दाखवलं. ते खरं की नाही, मला माहीत नाही, आणि विचारायला आता कुणी उरलेलं नाही.